डोळ्यातली स्टेरॉइडची कांडी: सूज उतरते, पण दाबाकडे लक्ष हवं

मधुमेह असलेल्या माणसाला डोळ्यांच्या डॉक्टरांनी ‘पडद्यावर सूज आहे, स्टेरॉइडचा इम्प्लान्ट घालू या’ असं सांगितलं की घरात पहिली आठवण निघते ती म्युकरची. २०२१ मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत महाराष्ट्रात कितीतरी लोकांचे डोळे त्या बुरशीने गेले. स्टेरॉइड, वाढलेली साखर आणि डोळा हे तीन शब्द तेव्हापासून लोकांच्या मनात एकत्रच येतात. भीती समजण्यासारखी आहे, पण ती इथे भलत्याच गोष्टीची वाटते आहे. या इम्प्लान्टमध्ये, म्हणजे डोळ्याच्या आत घालायच्या औषधाच्या बारीक कांडीत, जपायला हवं ते डोळ्यातल्या दाबाला. हा दाब वाढतो तेव्हा बहुतेकांना दुखत-खुपत नाही, आणि तो वाढतो तेही नेमका दृष्टी सुधारलेली असताना. त्यामुळे रुग्ण तपासणीला जात नाही आणि नुकसान होऊन बसतं.

हा प्रश्न मोजक्या लोकांचा नाही. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार भारतात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे. चाळिशी ओलांडलेल्या मधुमेहींच्या देशव्यापी पाहणीत साधारण आठातल्या एकाच्या पडद्यावर मधुमेहाचे परिणाम दिसले.

सूज येते म्हणजे नेमकं काय होतं?

डोळ्याच्या आत मागच्या बाजूला अस्तरासारखा एक पातळ थर असतो, त्याला आपण पडदा म्हणतो. त्याच्या मधोमध मॅक्युला नावाची छोटीशी जागा आहे. वाचणं, सुईत दोरा ओवणं, समोरच्याचा चेहरा ओळखणं ही सगळी बारीक नजरेची कामं तिथून होतात. मॅक्युलाच्या मध्यभागी पडद्याची जाडी साधारण २५० ते ३०० मायक्रॉन असते, म्हणजे पाव मिलिमीटरच्या आसपास. सूज आली की ती ४००, ५००, कधी ६०० च्याही वर जाते. ओसीटी नावाच्या तपासणीत हा आकडा कळतो. त्यात सुई नाही, किरणोत्सर्ग नाही. हनुवटी टेकवून काही सेकंद एका खुणेकडे बघत बसायचं असतं.

स्लॅबमधून जाणारा पाण्याचा पाइप झिरपायला लागला की काय होतं ते पावसाळ्यात जुन्या इमारतीत राहणाऱ्यांना माहीत आहे. पाणी धो धो पडत नाही. आतल्या आत ओल पसरते, प्लास्टर फुगतं, आणि वेळेत लक्ष दिलं नाही तर ते सुटून पडतं. मग पाइप दुरुस्त केला तरी पडलेलं प्लास्टर आपोआप परत लागत नाही. पडद्यातल्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांचं असंच होतं. वर्षानुवर्षं साखर जास्त राहिल्याने त्यांच्या भिंती गळक्या होतात. दुसरं मोठं कारण म्हणजे पडद्याच्या शिरेत गुठळी अडकणं. त्याला व्हेन ऑक्लूजन म्हणतात आणि तो बहुधा रक्तदाब वाढलेल्यांना होतो. तिसरं कारण युव्हिआयटिस, म्हणजे डोळ्याच्या आतला दाह. तिन्हींत द्रव झिरपून मॅक्युला फुगतो. सरळ रेषा वाकड्या दिसतात, अक्षराचा मधला भाग पुसट होतो. सूज महिनोन्महिने तशीच राहिली तर प्रकाश टिपणाऱ्या पेशी मरतात आणि त्या परत येत नाहीत.

इंजेक्शनं असताना कांडी कशाला?

मधुमेही सूज मॅक्युलाच्या मध्यावर आली असेल आणि नजर कमी झाली असेल, तर पहिला उपचार आजही अँटी-व्हीईजीएफ इंजेक्शनांचाच आहे. व्हीईजीएफ हे शरीरातलंच एक प्रथिन. ते वाढलं की रक्तवाहिन्या गळायला लागतात. बेव्हासिझुमॅब, रॅनिबिझुमॅब, अफ्लिबरसेप्ट ही औषधं त्याला अडवतात. अडचण एवढीच की औषधाचा असर महिना-दोन महिन्यांत ओसरतो. सुरुवातीला दर महिन्याला एक याप्रमाणे तीन ते पाच इंजेक्शनं घ्यावी लागतात, पुढेही गरजेप्रमाणे चालू ठेवावी लागतात.

दुसरी अडचण औषधाच्या कामातली आहे. जुन्या मधुमेही सुजेत एकटं व्हीईजीएफ दोषी नसतं. डोळ्याच्या आत मंद दाह चालू असतो. पांढऱ्या पेशी रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटतात आणि दाह वाढवणारी इतर रसायनं झिरपण चालू ठेवतात. स्टेरॉइड या सगळ्यांवर एकदम काम करतं आणि व्हीईजीएफही कमी करतं. म्हणून काही डोळ्यांत पाच-सहा इंजेक्शनांनंतरही हटून बसलेली सूज स्टेरॉइडने उतरते.

मग स्टेरॉइडचंही साधं इंजेक्शन का देत नाहीत? कारण डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड द्रवरूपात डोळ्यात टाकलं तर काही तासांत निघून जातं. ते महिनोन्महिने थोडं थोडं सुटत राहावं, यासाठी ही कांडी.

कांडीत असतं काय?

आपल्याकडे ‘इम्प्लान्ट’ म्हटलं की बहुतेक वेळा ओझुर्डेक्स अभिप्रेत असतं. त्यात ०.७ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन असतं. कांडीची लांबी सुमारे ६ मिलिमीटर आणि जाडी अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जराशी कमी. औषध ज्या पदार्थात मुरवलेलं असतं, तो विरघळणाऱ्या टाक्यांच्या धाग्यासारखाच पॉलिमर आहे. त्याचं हळूहळू लॅक्टिक आणि ग्लायकोलिक आम्लांत, आणि शेवटी पाणी व कार्बन डायऑक्साइडमध्ये विघटन होतं. त्यामुळे कांडी काढायला पुन्हा जावं लागत नाही. अमेरिकेत ही २००९ मध्ये व्हेन ऑक्लूजनसाठी, २०१० मध्ये युव्हिआयटिससाठी आणि २०१४ मध्ये मधुमेही सुजेसाठी मान्य झाली.

परदेशातल्या नातेवाइकांकडून ‘तीन वर्षं चालणारी कांडी’ असं कानावर आलं असेल तर ती वेगळी. इल्युव्हियन नावाच्या त्या इम्प्लान्टमध्ये फ्लुओसिनोलोन हे दुसरं स्टेरॉइड असतं. कांडी ३.५ मिलिमीटर लांब असते, पण ती विरघळत नाही. औषध संपल्यावर रिकामी नळी डोळ्यातच राहते. असर लांबतो तसा दाबाचा धोकाही लांबतो. म्हणून आधी कमी मुदतीचं स्टेरॉइड देऊन दाब वाढत नाही हे पाहिलेल्या रुग्णालाच ती देतात.

फायदा किती, आणि किती दिवस?

दृष्टी तक्त्यावरच्या अक्षरांत मोजतात. १५ अक्षरं जास्त वाचता आली म्हणजे तीन ओळींची सुधारणा, आणि ती रोजच्या व्यवहारात जाणवते. व्हेन ऑक्लूजनच्या मुख्य चाचणीत साठाव्या दिवशी कांडीवाल्यांपैकी २९ टक्क्यांना ही सुधारणा मिळाली. तुलनेसाठी ज्यांना कांडी न घालता ती घातल्याचा नुसता देखावा केला, त्या ‘देखावा गटा’पैकी ११ टक्क्यांना. १८०व्या दिवशी मात्र दोन्ही गटांत या बाबतीत फरक उरला नव्हता. कांडीचा स्वभाव या आकड्यांत दिसतो: दुसऱ्या महिन्यात असर शिखरावर, तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून उतरण. ‘सहा महिन्यांचं इंजेक्शन’ असं कुणी सांगितलं तरी सूज चौथ्या महिन्यातच परत आली तर त्यात नवल नाही.

मधुमेही सुजेच्या तीन वर्षांच्या चाचणीत सरासरी चार कांड्या लागल्या आणि १५ अक्षरांची सुधारणा २२ टक्के लोकांना मिळाली. देखावा गटात १२ टक्क्यांना. आकडा छोटा वाटेल. पण हे जुन्या सुजेचे डोळे होते आणि त्यातल्या अनेकांना वाटेत मोतीबिंदूही झाला.

इथे एक गोष्ट रुग्णांना फार कमी वेळा स्पष्ट सांगितली जाते. सूज उतरणं वेगळं आणि नजर येणं वेगळं. इंजेक्शनांना दाद न देणाऱ्या डोळ्यांवर अमेरिकेत एक चाचणी झाली. एका गटाला नुसती इंजेक्शनं चालू ठेवली, दुसऱ्याला सोबत कांडी दिली. २४ आठवड्यांनी कांडीवाल्यांची जाडी सरासरी ११० मायक्रॉनने कमी झाली होती, दुसऱ्यांची ६२ ने. पण नजरेतली सुधारणा दोन्हीकडे जवळपास सारखीच, तीनेक अक्षरांची. कारण ज्याचं प्लास्टर आधीच पडलंय त्याची ओल घालवून भिंत कोरडी होते, पूर्वीसारखी होत नाही. म्हणून कांडीच्या आधी ओसीटीचं चित्र समोर ठेवून डॉक्टरांना विचारा: ‘प्रकाश टिपणाऱ्या पेशींची रेघ शाबूत आहे का?’ ती सलग असेल तर आशा जास्त. तुटक असेल, तर उरलेली नजर टिकवणं हेच उद्दिष्ट असू शकतं. तेही कमी मोलाचं नाही, पण ते आधी माहीत असायला हवं.

टेबलावर काय होतं?

भूल सहसा नुसत्या थेंबांची. पापण्या आणि डोळा पोव्हिडोन आयोडिनने धुतात. हे जरा चुरचुरतं, पण जंतुसंसर्ग टाळणारी सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच. मग पापण्या उघड्या ठेवणारी क्लिप लावतात आणि बुबुळाच्या कडेपासून मोजून ३.५ ते ४ मिलिमीटर मागे खूण करतात. त्याच्या पुढे गेलं तर भिंगाला आणि मागे गेलं तर पडद्याला इजा होऊ शकते, म्हणून ही मोजणी. सुई २२ गेजची असते, नेहमीच्या ३० गेजच्या इंजेक्शनापेक्षा बरीच जाड. ती आधी तिरकी घालतात आणि मग डोळ्याच्या मध्याकडे वळवतात, म्हणजे वाट आपोआप मिटते, टाका लागत नाही. बटण दाबलं की ‘टक्’ असा आवाज येतो आणि कांडी आत सरकते. दुखण्यापेक्षा दडपण जाणवतं. धुण्या-पुसण्यासह सगळं दहा-पंधरा मिनिटांत आटपतं.

नंतर डोळ्याच्या पांढऱ्या भागावर रक्ताचा लाल डाग दिसू शकतो. तो भयंकर दिसतो, पण निरुपद्रवी असतो आणि दोनेक आठवड्यांत जातो. नजरेसमोर काडीसारखं काही तरंगताना दिसलं तर ती कांडीच असते, आणि ती विरघळत जाते. त्या दिवशी गाडी चालवू नका, डोळा चोळू नका, दोन-तीन दिवस डोक्यावरून पाणी घेऊ नका. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना सांगा, पण स्वतःच्या मनाने बंद करू नका.

पहिल्या आठवड्यात डोळा वाढत्या वेदनेने ठणकू लागला, लाली वाढली, उजेड सहन होईना किंवा नजर खाली गेली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, रात्र झाली तरी. डोळ्याच्या आत जंतुसंसर्ग झाल्याची ही लक्षणं असू शकतात. हे हजारो इंजेक्शनांत एखाद्यालाच होतं, पण झालं तर तासांचा हिशोब असतो. विजा चमकल्यासारखं दिसणं किंवा एका बाजूने पडदा ओढल्यासारखं होणं, ही पडदा सुटण्याची खूण. तिलाही तितकीच घाई लागते.

दाब: इथे सगळ्यात जास्त चुकतं

डोळ्याच्या आत सतत द्रव तयार होतो आणि बुबुळाच्या कडेच्या जाळीतून बाहेर जातो. स्टेरॉइडमुळे काही लोकांची ही जाळी तुंबते. द्रव अडकतो, दाब वाढतो. नेहमीचा दाब १० ते २१ मिलिमीटर पारा. तो ३०–३५ वर जाऊन तिथेच राहिला तर मेंदूकडे जाणारी डोळ्याची नस सुकत जाते. हाच काचबिंदू, आणि त्यात गेलेली नजर कोणत्याच उपचाराने परत येत नाही.

मधुमेही सुजेच्या चाचणीत चारातल्या एकापेक्षा जास्त लोकांचा दाब कधी ना कधी १० किंवा त्याहून जास्त मिलिमीटरने वाढला. पण काचबिंदूची शस्त्रक्रिया करावी लागली ती एक टक्क्याहून कमी जणांवर. दोन आकड्यांमधलं हे अंतर वेळच्या वेळी झालेल्या तपासणीने आणि थेंबांनी राखलं आहे. चाचणीतल्या रुग्णांना तपासणीला बोलावून आणणारी यंत्रणा असते. आपल्याकडे रुग्णाला तिसऱ्या आठवड्यात पेपर वाचता यायला लागतो, तालुक्याहून शहरात येण्याचा एक दिवसाचा रोजगार बुडतो, आणि सहाव्या आठवड्याची तारीख राहून जाते. दाब नेमका तेव्हाच, दुसऱ्या महिन्याच्या आसपास, सगळ्यात जास्त असतो.

म्हणून तारखा आधीच ठरवून घ्या: इंजेक्शननंतर पहिल्या एक-दोन आठवड्यांत एकदा, मग सहा ते आठ आठवड्यांनी, मग तीन-साडेतीन महिन्यांनी. आधीपासून दाब जास्त असेल, घरात कुणाला काचबिंदू असेल किंवा पूर्वी स्टेरॉइडच्या थेंबांनी दाब वाढला असेल, तर याहून लवकर आणि जास्त वेळा. शहरात येणं अशक्य असेल तर मधली दाबतपासणी गावाजवळच्या डोळ्यांच्या कोणत्याही डॉक्टरकडे होऊ शकते. ती दोन मिनिटांची असते. चिठ्ठीवर ‘अमुक तारखेला डेक्सामेथासोन इम्प्लान्ट’ एवढं लिहिलेलं मात्र हवं, नाहीतर समोरच्याला संशयच येणार नाही.

दाब वाढलाच तर टिमोलॉल, डॉर्झोलामाइड, ब्रिमोनिडिन यांसारखे थेंब देतात, आणि बहुतेकांना ते पुरतात. दमा असेल किंवा नाडी मंद असेल तर टिमोलॉल त्रासदायक ठरू शकतं. डोळ्यांच्या डॉक्टरांना दम्याची कल्पना नसते, तुम्हीच सांगा. थेंब स्वतःहून बंद करू नका. कांडीचा असर सहा महिन्यांत संपतो तसा दाबही बहुधा मूळ पातळीवर येतो, आणि थेंब कधी थांबवायचे ते दाब मोजूनच ठरतं.

मोतीबिंदू होणार असेल तर घ्यायची कशाला?

प्रश्न रास्त आहे. नैसर्गिक भिंग असलेल्या डोळ्यांत वारंवार कांडी दिली तर मोतीबिंदू वाढतोच, असं धरून चालावं. त्याच तीन वर्षांच्या चाचणीत अशा ६८ टक्के डोळ्यांत मोतीबिंदूची नोंद झाली, देखावा गटात २० टक्क्यांत. पण मोतीबिंदूवर खात्रीचा इलाज आहे, मेलेल्या पडद्यावर नाही. साठीच्या माणसात डॉक्टर हा सौदा सहज करतात. मोतीबिंदू आधीच काढून कृत्रिम भिंग बसवलेलं असेल तर हा तोटा उरतच नाही, म्हणून अशा डोळ्यांत कांडीचा विचार लवकर होतो. पस्तिशीतल्या रुग्णात मात्र हात आखडता घ्यावा, कारण स्वतःचं भिंग गेलं की जवळचं बघण्याची लवचीकता अकाली जाते.

साखर वाढेल का? म्युकर होईल का?

करोनात डेक्सामेथासोनचा प्रमाणित डोस रोज ६ मिलिग्रॅम, दहा दिवसांपर्यंत होता, आणि ते औषध रक्तातून साऱ्या शरीरात जात होतं. कांडीत एकूण ०.७ मिलिग्रॅम असतं, तेही डोळ्याच्या बंद पोकळीत महिनोन्महिने सुटतं. रक्तात त्याचं प्रमाण बहुतेक वेळा मोजताही येत नाही. चाचण्यांत तीन महिन्यांच्या सरासरी साखरेवर त्याचा परिणाम दिसला नाही. म्युकर रक्तातली बेफाम साखर आणि शरीरभर दबलेली प्रतिकारशक्ती यांमुळे, नाक आणि सायनसमधून पसरला होता. इथे ते चित्र नाही.

कुणाला देऊ नये, कुणाला आधी द्यावी?

डोळ्यात किंवा आजूबाजूला जंतुसंसर्ग असेल तर कांडी नाही. यात बुबुळावरची नागीण आली, पापणीवरची पिकलेली रांजणवाडी आली आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून येणारा पूसुद्धा. युव्हिआयटिससाठी देत असतील तर आधी क्षयाची तपासणी हवी. आपल्या देशात हे टाळून चालणार नाही. काचबिंदूने नस बरीच खराब झालेली असेल तरीही नाही.

आणखी एक गट कमी ओळखला जातो. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत भिंगाची मागची पिशवी फाटली, आणि भिंग बुबुळाला किंवा डोळ्याच्या भिंतीला अडकवावं लागलं, असे रुग्ण. त्यांच्यात कांडी मागून घसरून बाहुलीपुढे येते आणि डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पटलाला घासून ते सुजवते. ती तातडीने हलवली नाही तर पटल कायमचं गढूळ होतं. म्हणून मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेचा जुना कागद शोधून घेऊन जा, तो दहा वर्षांपूर्वीचा असला तरी.

उलट बाजूला, नुकताच हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात झालेले लोक, डोळ्याच्या आतला जेलीसारखा पदार्थ काढण्याची शस्त्रक्रिया झालेले डोळे (त्यात साधी इंजेक्शनं लवकर वाहून जातात), आणि दर महिन्याला येणं खरंच न जमणारे रुग्ण यांच्यात डॉक्टर कांडीचा विचार आधी करतात.

खर्च आणि विमा

एक कांडी बेव्हासिझुमॅबच्या एका इंजेक्शनापेक्षा खूप महाग पडते. तुलना वर्षभराची करा: इंजेक्शनं किती, ओसीटी किती, फेऱ्या किती, दाबाचे थेंब किती. विमा नियामकाने २०१९ मध्ये आधुनिक उपचारांची जी यादी विमा कंपन्यांना घालून दिली, तिच्यात डोळ्याच्या आत द्यायची इंजेक्शनं आहेत. कंपनी रकमेची मर्यादा घालू शकते, म्हणून पूर्वमंजुरी मागताना ‘इंट्राव्हिट्रिअल इंजेक्शन’ हाच शब्द डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि मर्यादा विचारून घ्या.

सूज परत आली तर?

पुढची कांडी कॅलेंडर बघून नाही, ओसीटी आणि दाब बघून ठरते. दोन्ही डोळ्यांत एकाच दिवशी देणं शक्यतो टाळतात. सूज पुन्हा पुन्हा येत असेल तर डोळ्याबाहेरही बघायला हवं: रक्तदाब, किडनीचा रिपोर्ट, हिमोग्लोबिन. मधुमेहासाठी पायोग्लिटाझोनची गोळी चालू असेल तर तीही डॉक्टरांना दाखवा. या गोळीने अंगात पाणी धरून राहतं, काहींच्या पडद्याची सूज त्यामुळेच हटत नाही. ती बदलायची की नाही हे मधुमेहाच्या डॉक्टरांनी ठरवायचं, पण ती चालू आहे हे डोळ्यांच्या डॉक्टरांना तुमच्याकडूनच कळणार.